बाहेर पडलेल्यांसाठी सहा सत्रांचा वर्ग: एक परीक्षण

एखाद्या लहान राजकीय पक्षाबद्दल ‘हा पक्ष नव्हे, ही बुवाबाजी आहे’ असे म्हटले जाते तेव्हा नेमका कशाचा आरोप होत असतो, हे शिकवणारा एक दूरस्थ वर्ग मी गेल्या महिन्यात पूर्ण केला. दर आठवड्याला दोन तासांचे एक अशी सहा सत्रे, सोबत छापील टिपणांची वही, आणि अखेरीस प्रशिक्षकाशी अर्धा तास एकट्याने बोलण्याची सोय, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे मी काही तक्रारी करणार असल्याने वर्गाचे आणि तो चालवणाऱ्यांचे नाव येथे देत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याने आपले हितसंबंध आधी सांगावेत, म्हणून तेही सांगतो: मी एका लहान पक्षाचा सात वर्षे सभासद होतो आणि त्यांपैकी शेवटची तीन वर्षे पूर्णवेळ कार्यकर्ता होतो. पक्षाची विचारसरणी कोणती होती हे मात्र सांगणार नाही. ती कळली की निम्मे वाचक ‘त्यांचे असेच असायचे’ म्हणून मोकळे होतात आणि उरलेले निम्मे ‘आमच्यात असे चालत नाही’ म्हणून. मग मूळ प्रश्नाकडे पाहायला कोणीच उरत नाही.

शुल्काची तक्रार नाही. सहा सत्रांचे मिळून जेवढे शुल्क झाले, त्याहून अधिक रक्कम मी पूर्वी दरमहा पक्षवर्गणी म्हणून देत असे, आणि तिची पावती क्वचितच मिळे. येथे पहिल्याच दिवशी पावती आली आणि तिच्या मागे एक नियम छापलेला होता: दुसऱ्या सत्रापर्यंत वर्ग सोडल्यास पूर्ण रक्कम परत, कारण सांगण्याची गरज नाही. या नियमाविषयी पुढे पुन्हा लिहायचे आहे.

सुरुवात शब्दापासून झाली, आणि ती योग्यच झाली असे मी म्हणेन. इंग्रजीतील ‘कल्ट’ला मराठीत काय म्हणायचे यावर प्रशिक्षकांनी पहिली वीस मिनिटे खर्च केली. ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ हे आपल्याकडे आदराचे शब्द आहेत आणि ते शिवीसारखे वापरणे हा भाषेवर अन्याय आहे, ‘बुवाबाजी’त बुवा लागतो, आणि पक्षातला बुवा तर स्वतःला बुद्धिप्रामाण्यवादी म्हणवत असतो, ‘कंपू’ फार हलका आहे, ‘व्यक्तिपूजा’ म्हटले तर ती मोठमोठ्या पक्षांतही चालते. शेवटी ‘बंदिस्त संघटना’ असा शब्द त्यांनी ठरवला. त्यात आरोपाची धार कमी असली, तरी दार कोणत्या बाजूने आणि कोणासाठी बंद आहे हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो, म्हणून मलाही तो पटला.

पहिल्या सत्राचा आधार रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचे काम हा होता. चीनमधील ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीने सक्तीने चालवलेल्या मतपरिवर्तनातून, बाहेर पडलेल्या २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी व्यक्तींच्या मुलाखती त्यांनी १९५०च्या दशकात हाँगकाँगमध्ये घेतल्या आणि १९६१मध्ये अशा वातावरणाची आठ लक्षणे मांडली: संवादावर नियंत्रण, शुद्धतेची मागणी, कबुलीजबाबाची सक्ती, अनुभवापेक्षा सिद्धान्ताला मोठे मानणे, आणि अशीच आणखी चार. प्रशिक्षकांनी आठही लक्षणे न घोकवता भाषेच्या लक्षणावरच मुक्काम केला. प्रत्येक संघटनेची स्वतःची बोली असते. प्रश्न असा की त्या बोलीतला शब्द विचार सुरू करतो की थांबवतो. मग प्रत्येकाने आपण पक्षाबाहेर कधीही वापरत नव्हतो असे पाच शब्द वहीत लिहायचे होते.

माझ्या यादीत ‘डगमगणे’ होते, ‘बाहेरचा’ होता, ‘वस्तुनिष्ठपणे’ होता (हा शब्द वाक्याच्या आरंभी आला की पुढे नेत्याचे मत येणार हे सर्वांना कळे), ‘सोयीस्कर प्रश्न’ होता, आणि ‘घरगुती अडचण’ होती. या शेवटच्या शब्दापाशी माझे पेन थांबले. शाखेच्या हजेरीवहीत गैरहजेरीच्या कारणाचा एक रकाना होता आणि त्यात लग्न, बाळंतपण, मृत्यू, नोकरी जाणे या सगळ्यांसाठी हा एकच शब्द लिहिला जाई. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी माझ्या नावापुढे तो लिहिला गेला आणि पुढच्या बैठकीत ‘घरगुती अडचणींचे प्रमाण वाढले आहे’ असे निरीक्षण अहवालात आले. त्या वेळी मला त्यात काहीही वावगे वाटले नव्हते. अहवाल मीच वाचून दाखवला होता.

दुसरे सत्र प्रयोगांचे होते आणि ते थोडक्यात सांगता येईल. एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांचा १९५९चा प्रयोग त्यात केंद्रस्थानी होता: एका चर्चागटात प्रवेश मिळण्यासाठी काही विद्यार्थिनींना संकोच वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य मजकूर दिला, तर काहींना काहीच करावे लागले नाही, मग सर्वांना तीच मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली, आणि ज्यांनी सर्वाधिक संकोच सोसला होता त्यांना ती चर्चा सर्वाधिक रस घेण्यासारखी वाटली. आपण ज्यासाठी किंमत मोजली ते निकस होते हे मान्य करणे मनाला जड जाते, एवढाच त्याचा अर्थ. मला माझ्या पलंगाखालचे गठ्ठे आठवले. पक्षाच्या पाक्षिक मुखपत्राचे ३० अंक प्रत्येक कार्यकर्त्याने विकायचे असत. माझे आठ-नऊ खपत, उरलेल्यांचे पैसे मी खिशातून भरत असे आणि अंक पलंगाखाली सारत असे. आश्चर्य असे की जसजसे गठ्ठे वाढत गेले, तसतसा तो मजकूर मला अधिकाधिक मोलाचा वाटू लागला.

याच सत्राच्या शेवटी एक सहभागी वर्ग सोडून गेला. तिसऱ्या सत्राच्या प्रारंभी प्रशिक्षकांनी सांगितले, “एका सहभागींनी वर्ग थांबवला आहे, त्यांचे शुल्क परत केले आहे,” आणि पुढच्याच वाक्यात विषयाला हात घातला. मी वाट पाहत राहिलो. तो का गेला, त्याच्यात कोणती कमकुवत बाजू होती, त्याच्याशी संपर्क ठेवावा की नाही, यांपैकी काहीतरी येईल अशी माझी इतकी पक्की अपेक्षा होती की पुढची दहा मिनिटे मी काय ऐकले ते मला आठवत नाही. संपूर्ण वर्गातला सर्वांत उपयुक्त पाठ कोणता, असे विचारल्यास मी हे एक वाक्य सांगेन. ते अभ्यासक्रमपत्रिकेत नाही.

तिसऱ्या सत्राने निराशा केली. त्यात लिंडन लारूश आणि फ्रेड न्यूमन या दोन अमेरिकन नेत्यांचे पक्ष होते, आणि दोघांविषयी सांगण्यासारखे इतके आहे की दोन तासांत त्याची नुसती धावती यादी झाली. लारूश डाव्या विद्यार्थी चळवळीतून पुढे आले. १९७३मध्ये त्यांच्या अनुयायांनी कम्युनिस्ट आणि अन्य डाव्या गटांच्या सभांवर मारहाणीची मोहीमच उघडली. १९७६ ते २००४ या काळात आठ वेळा त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रयत्न केला, त्यांपैकी १९९२ची मोहीम तुरुंगातून लढवली, कारण समर्थकांकडून कर्जे घेऊन ती न फेडण्याच्या फसवणुकीबद्दल डिसेंबर १९८८मध्ये ते दोषी ठरले होते आणि त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली होती. १९९४मध्ये ते सुटले आणि २०१९मध्ये मरण पावले. यात एक गोष्ट प्रशिक्षकांनी नुसती उल्लेखून सोडली, जिच्यावर अर्धा तास द्यायला हवा होता: मार्च १९८६मध्ये इलिनॉय राज्यात लारूश यांच्या दोन अनुयायांनी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणारे मतदान, जिंकली, आणि त्यांच्यासोबत एकाच यादीत नाव नको म्हणून पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला वेगळा पक्ष काढून लढावे लागले. ‘एवढासा तर गट आहे, त्याचे काय मनावर घ्यायचे’ या युक्तिवादाला याहून चांगले उत्तर नाही.

न्यूमन यांच्या न्यू अलायन्स पार्टीचा भाग तर आणखी घाईत उरकला. या पक्षाच्या लेनोरा फुलानी १९८८मध्ये सर्व ५० राज्यांच्या मतपत्रिकेवर नाव असलेल्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार ठरल्या, हे लहान पक्षासाठी असामान्य यश होते. पक्षावरचा मुख्य आरोप असा होता की न्यूमन यांची ‘सामाजिक उपचारपद्धती’ आणि त्यांचे राजकारण यांच्यामधली भिंतच काढून टाकलेली होती; उपचारासाठी येणारा माणूस कार्यकर्ता होई आणि कार्यकर्ता उपचाराखाली राही. न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिस्त संघटना असल्याचा आरोप सातत्याने नाकारला. प्रशिक्षकांनी त्या नकाराला एक वाक्य दिले. आरोप शिकवणाऱ्या वर्गात आरोपीची बाजू एका वाक्यात संपावी हे मला खटकले, विशेषतः ज्या पक्षात माझी बाजू एकदाही ऐकून घेतली गेली नव्हती, त्यातून बाहेर पडून मी येथे आलो असताना.

आता चौथ्या सत्राकडे येतो, कारण शुल्क वसूल होते ते येथे. या सत्राचा विषय १९८५ हे एकच वर्ष होता. त्या एका वर्षात, महासागराच्या दोन बाजूंना, एकमेकांशी संबंध नसलेले दोन डावे पक्ष आपल्याच सभासदांच्या हातून कोसळले. पहिला सॅन फ्रान्सिस्कोमधील डेमोक्रॅटिक वर्कर्स पार्टी. १९७४मध्ये प्रामुख्याने स्त्रियांनी स्थापन केलेला हा पक्ष समाजशास्त्राच्या प्राध्यापिका राहिलेल्या मार्लीन डिक्सन यांच्या नेतृत्वाखाली होता. सभासद सुशिक्षित, कष्टाळू, स्त्रीमुक्तीच्या चळवळीत तावूनसुलाखून निघालेले, आणि तरीही पक्षापुरती वेगळी नावे धारण करून, दिवसरात्र राबून, आत्मटीकेच्या बैठकांत एकमेकांना सोलून काढत त्यांनी दशकभर एका व्यक्तीचा शब्द अखेरचा मानला. डिक्सन परदेशी गेल्या असताना सभासद प्रथमच एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले, आणि त्या बोलण्याचा शेवट त्यांची हकालपट्टी करण्यात आणि पक्ष विसर्जित करण्यात झाला. त्या पक्षात दहा वर्षांहून अधिक काळ काढलेल्या जान्या लालिच पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या, आणि ‘बांधलेली निवड’ अशा अर्थाची त्यांची संकल्पना प्रशिक्षकांनी फार सुरेख उलगडली: सभासदाला कोणी साखळीने बांधलेले नसते, तो दररोज निवड करतच असतो, परंतु बाहेर पडणे म्हणजे स्वतःच्याच उत्तम अंशाशी द्रोह करणे अशी निवडीची चौकट झालेली असते.

दुसरा पक्ष ब्रिटनमधील वर्कर्स रेव्होल्यूशनरी पार्टी. संसदेत एकही जागा नसलेल्या या पक्षाचे दैनिक वृत्तपत्र होते, आणि ते चालवण्यासाठी सभासद काय काय करत असतील याची कल्पना, ३० अंकांचा पाक्षिक गठ्ठा वाहिलेल्या माणसाला लगेच येते. १९८५च्या उन्हाळ्यात पक्षाचे नेते गेरी हीली यांच्या स्वतःच्या सचिव महिलेने एक पत्र लिहून २६ स्त्रियांची नावे दिली आणि हीली यांनी त्यांचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप केला. ऑक्टोबरमध्ये हीली यांना पक्षातून काढले. त्यांच्या बाजूने उभे राहिलेलेही थोडे नव्हते, आणि पक्षाची अनेक शकले झाली. हीली १९८९मध्ये वारले.

या दोन घटना शेजारी ठेवून प्रशिक्षकांनी अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांची १९७०ची मांडणी आणली. कोणत्याही संस्थेची घसरण होऊ लागली की सभासदापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आत राहून बोलणे. आणि निष्ठा ही बाहेर पडण्याची वाट लांबवून बोलण्याला वेळ मिळवून देते. बंदिस्त संघटनेत निष्ठेचे हे काम उलटे फिरते, कारण ती बाहेर पडणेही महाग करते आणि बोलणेही. बोलणे महाग कसे झाले, याचा एक धागा लेनिन यांच्यापर्यंत जातो. पक्षशिस्तीविषयीच्या त्यांच्या १९०६च्या सूत्रात चर्चेचे स्वातंत्र्य आणि कृतीतील एकजूट असे दोन भाग होते. रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या १९२१च्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली आणि पहिला भाग आक्रसत गेला. अनेक लहान पक्षांना वारसा मिळाला तो या आक्रसलेल्या सूत्राचा. हे सर्व ऐकताना मला माझा राजीनामा आठवला. मी तो शाखासचिवांच्या हाती दिला; चार दिवसांनी तो ‘राजीनामा देण्याचा अधिकार सभासदास नाही’ अशा शेऱ्यासह परत आला; आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी शिस्तभंगाबद्दल माझी हकालपट्टी झाल्याचा ठराव आला. त्या दोन आठवड्यांची वर्गणी माझ्या नावे थकीत दाखवली होती.

याच सत्रातला स्वाध्याय मी कोणालाही सुचवीन. एका काल्पनिक सभासदाचे पत्र दिलेले होते: निवडणूक निधीचा हिशेब पुढच्या बैठकीत मांडला जाईल का, एवढाच प्रश्न, अत्यंत सभ्य भाषेत. आपण नेतृत्वाच्या वतीने त्याला उत्तर लिहायचे, वेळ १५ मिनिटे. मी सहा मिनिटांत लिहून मोकळा झालो. प्रश्नाचे स्वागत, मग प्रश्न विचारण्याच्या वेळेविषयी शंका, मग विरोधकही नेमका हाच प्रश्न विचारतात ही आठवण, मग प्रश्न विचारणाऱ्याच्या अलीकडच्या कामातल्या ढिलाईचा सहानुभूतीपूर्वक उल्लेख, आणि शेवटी त्यानेच आत्मपरीक्षणाचे टिपण सादर करावे ही सूचना. हिशेबाचा शब्द उत्तरात कोठेही नव्हता. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले, आणि ते इतके सफाईदार होते की मला कॅमेरा बंद करावा लागला.

पाचव्या सत्राचा दर्जा एकदम घसरला. जपानमधील युनायटेड रेड आर्मी हा सशस्त्र डावा गट आणि लंडनमधील अरविंदन बालकृष्णन यांची छोटी संघटना ही दोन उदाहरणे त्यात होती, आणि पार्श्वसंगीतासह चित्रफिती दाखवण्याचा मोह आवरला गेला नाही. रेड आर्मीच्या डोंगरातील तळांवर १९७१-७२च्या हिवाळ्यात ‘सोकात्सु’ म्हणजे आत्मपरीक्षण करवून घेण्याच्या नावाखाली १२ सभासदांचा त्यांच्याच साथीदारांच्या हातून मृत्यू झाला. त्यांतील एका तरुणीवरच्या टीकेचा आरंभ तिच्या बोटातील अंगठीवरून झाला होता. बालकृष्णन यांनी १९७४मध्ये माओवादी गट काढला. तो आक्रसत जाऊन एका घरातल्या मूठभर स्त्रियांपुरता उरला, आणि विचारही वाचणारे व नैसर्गिक आपत्ती घडवणारे ‘जॅकी’ नावाचे एक अदृश्य यंत्र आपल्या ताब्यात आहे अशी भीती त्यांनी त्या स्त्रियांना घातली. ऑक्टोबर २०१३मध्ये तीन स्त्रियांची सुटका झाली, त्यांत जन्मापासून ३० वर्षे तिथेच वाढलेली त्यांची स्वतःची मुलगी होती. २०१६मध्ये त्यांना २३ वर्षांची शिक्षा झाली आणि २०२२मध्ये ते तुरुंगातच मरण पावले.

ही प्रकरणे सांगू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण ज्याच्या पक्षात कोणाचा जीव गेला नाही, कोणाला कोंडले नाही, तो हे पाहून ‘मग आमचे काहीच वाईट नव्हते’ असे म्हणून सुटकेचा श्वास सोडतो, आणि माझ्या गटातील दोघांनी नेमके तसेच केले. अंगठीचा तपशील आमच्या सर्वांच्या ओळखीचा होता. आमच्याकडेही कोणाच्या तरी नव्या बुटांवर बैठक झालेली होती. तिथे थांबून बोलण्याऐवजी आम्हाला बर्फातील तळांची छायाचित्रे दाखवली गेली. शिवाय जपानचेच उदाहरण घ्यायचे तर ओम शिनरिक्यो या धार्मिक पंथाने फेब्रुवारी १९९०च्या निवडणुकीत स्वतःचा पक्ष काढून २५ उमेदवार उभे केले आणि सर्वच्या सर्व पडले, या घटनेचा या वर्गाशी अधिक निकटचा संबंध होता. पक्ष बंदिस्त कसा होतो हे शिकताना बंदिस्त पंथ पक्ष का काढतो आणि मतदारांनी नाकारल्यावर त्याचे काय होते, हेही पाहायला हवे. पाच वर्षांनी, मार्च १९९५मध्ये, टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणारे हेच लोक होते.

सहाव्या सत्रात एक गुणतक्ता भरायचा असतो: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते २ गुण, आणि २५च्या वर गेल्यास ‘धोकादायक’. मी माझ्या पक्षाला गुण दिले, ३१ आले. मग उगाच मी शाळेत असताना जिथे राहत होतो त्या वसतिगृहाला गुण दिले, २७ आले. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही पक्षाचे प्रचार कार्यालय या तक्त्यात २५च्या पलीकडे जाईल, कारण कमी झोप, अमर्याद काम, एकच विषय आणि बाहेरच्या जगाचा विसर ही त्या आठवड्याची सर्वसाधारण स्थिती असते. रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११मध्येच जर्मनीच्या समाजवादी पक्षाकडे पाहून दाखवले होते की लोकशाहीवादी संघटनाही मूठभरांच्या हाती जाण्याकडे झुकते. म्हणजे मूठभरांची सत्ता हे बंदिस्तपणाचे लक्षण म्हणून पुरेसे नाही. ती बहुतेक संघटनांची सवय आहे. मिखेल्स यांचे नाव वहीत कोठेच नाही, आणि त्यामुळे सामान्य संघटनात्मक दोष आणि बंदिस्तपणा यांतली रेघ पुसट राहते. चौथ्या सत्रात ती रेघ स्पष्ट काढलेली होती: हिशेब विचारणाऱ्याचे काय होते आणि दार उघडून जाणाऱ्याचे काय होते, एवढे दोनच प्रश्न. त्यानंतर २० प्रश्नांचा तक्ता देणे म्हणजे शिजलेल्या अन्नाखाली पुन्हा जाळ लावणे होय.

यापेक्षा गंभीर उणीव एकच. ‘बंदिस्त संघटना’ हा शिक्का स्वतः कसा हत्यार बनू शकतो, याविषयी वर्गात अवाक्षर नव्हते. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून ‘डीप्रोग्रॅमिंग’च्या, म्हणजे मनावरचा पगडा पुसण्याच्या, नावाखाली प्रौढ माणसांना पळवून, कोंडून, त्यांची श्रद्धा उतरवण्याचा धंदा चालला होता, १९९५मध्ये एका तरुणाने त्याविरुद्ध जिंकलेल्या खटल्यानंतर अशा कामाशी जोडल्या गेलेल्या कल्ट अवेअरनेस नेटवर्क या संस्थेचे दिवाळे निघाले. बंदिस्तपणाविरुद्ध लढणाऱ्यांनी माणसे बंदिस्त केली, यापेक्षा उद्बोधक उदाहरण या विषयात मिळणार नाही, आणि ते टाळणे हा अनवधानाचा दोष असेल असे मला वाटत नाही. वर्गाला जोडलेल्या संदेशगटाचा अनुभव घेतल्यावर तर अजिबात वाटत नाही. तो गट माजी सभासदांना आधार मिळावा म्हणून आहे, आणि पहिले काही दिवस तो तसा मिळतोही. पण लवकरच तेथे ‘जागे झालेले’ आणि ‘अजून झोपलेले’ अशी विभागणी ऐकू येऊ लागली. एका सहभागी महिलेने आपल्याला पक्षातल्या मैत्रिणीशी बोलणे सुरू ठेवायचे आहे असे लिहिले, तेव्हा ‘तुम्ही डगमगत आहात’ असे उत्तर आले. माझ्या पाच शब्दांच्या यादीतला पहिला शब्द होता तो. मी प्रशिक्षकांना खासगीत कळवले. त्यांनी दोन दिवसांत गटात सूचना लिहिली, ती नेमकी होती आणि कोणाला अपमानित करणारी नव्हती. सूचनेनंतर गट थंडावला आहे.

किरकोळ बाबी: ध्वनिमुद्रणाचा आवाज तिसऱ्या सत्रात दोनदा गेला. वहीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. अर्ध्या तासाचे वैयक्तिक बोलणे प्रत्यक्षात ४० मिनिटे चालले, घाई झाली नाही, आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाला ‘याचे उत्तर माझ्याजवळ नाही’ असे सरळ उत्तर मिळाले. सात वर्षांत कोणा नेत्याच्या तोंडून हे वाक्य ऐकल्याचे मला स्मरत नाही. जो नुकताच बाहेर पडला आहे त्याने पहिली, दुसरी आणि चौथी सत्रे घ्यावीत. सत्रे सुटी घेण्याची सोय आहे. ज्याला केवळ विरोधी पक्षाला शिक्का मारण्यासाठी सामग्री हवी आहे, त्याला गुणतक्ता आवडेल.

चित्रमुद्रणे वर्षभर पाहता येतात. चौथे सत्र मी दुसऱ्यांदा पाहिले ते एकट्याने नव्हे. माझा राजीनामा परत पाठवणाऱ्या शाखासचिव, ज्यांना आम्ही सर्व ताई म्हणत असू, त्या स्वतः गेल्या वर्षी पक्षातून बाहेर पडल्या, आणि बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर मी त्यांना हे सत्र पाहायला बोलावले. डिक्सन यांच्या हकालपट्टीचा भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. त्यानंतर स्वाध्याय आला. “हे मलाही लिहायचं का रे?” त्यांनी विचारले, आणि मी हो म्हणण्याआधीच वही ओढून घेतली. त्यांना तीन मिनिटे लागली. वही त्यांनी माझ्याकडे सरकवली तेव्हा मी पाहिले, उत्तराच्या खाली उजव्या बाजूला सहीसाठी जागा सोडलेली होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, नेहमीप्रमाणे, जावक क्रमांकाचा रकाना आखलेला होता.